घरचे यंत्र : अंगणातला काळा डाग



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा घरच्या कर्त्या पुरुषांची नाहीतर गाडी चालवणाऱ्या तरुण पोरांची असतात. या खेपेचे पत्र मात्र एका भगिनीचे आहे. त्यांच्या घरी जुना ट्रक आहे. दिवाळीच्या पुढे उसाची वाहतूक, उन्हाळ्यात कांदा, मधल्या दिवसांत कुणाचे शेणखत, कुणाच्या विटा, असे त्या गाडीवर घर चालते. यजमान गाडी चालवतात, धाकटे दीर सोबत जातात. ट्रक रात्री अंगणात उभा राहतो आणि सकाळी इंजिनाखाली काळा डाग पडलेला असतो. "आधी बशीएवढा होता, आता ताटाएवढा झाला आहे," असे त्या लिहितात. गावातला फिटर म्हणतो, "वहिनी, जुनी गाडी म्हटलं की गळणारच. ऑइल टाकत राहा." यजमानांचेही तेच म्हणणे. हंगाम तोंडावर आला आहे, हातात पैसा बेताचा आहे. मग हे काम आता करावे की हंगाम उरकल्यावर? आणि ते घरी होण्यासारखे आहे का?

नाव-गाव छापू नये असे त्यांनी कळवले आहे, म्हणून छापत नाही. पण हा प्रश्न एका घरचा नाही. सहा सिलिंडरची टाटा 1210 असो, चार सिलिंडरची 407 असो, की आणखी कुठली जुनी गाडी असो, पंधरा-वीस वर्षे राबलेल्या इंजिनाखाली डाग हा असतोच. तेव्हा आज चेंबरच्या पॅकिंगविषयी बोलू.

इंजिनाच्या पोटाखाली जे पत्र्याचे किंवा बिडाचे, नाहीतर अॅल्युमिनियमचे कढईसारखे भांडे असते, त्याला आपल्याकडे चेंबर म्हणतात. इंजिनातले सगळे ऑइल फिरून फिरून त्यातच येते. तिथून जाळीतून पंप ते ओढतो, फिल्टरमधून क्रँकच्या बेअरिंगांना, कॅमला, वरच्या टॅपेटना पोचवतो आणि काम झालेले ऑइल परत चेंबरात ठिबकते. हा चेंबर इंजिनाच्या खालच्या तोंडाला वीस-तीस बोल्टांनी आवळलेला असतो. लोखंडाला लोखंड कितीही आवळले तरी मधून ऑइल झिरपतेच, म्हणून मध्ये बुचाचे, रबर-बुचाचे, कागदाचे किंवा नुसत्या रबराचे पॅकिंग घालतात. उष्णता आणि ऑइल यांत वर्षानुवर्षे राहून ते कडक होते, चपटते, तडकते आणि गळू लागते.

गळतीचे नुकसान ऑइलच्या पैशांपुरतेच असते तर मीही म्हणालो असतो, टाकत राहा. पण उसाची खेप भरून गाडी चढावर आहे, रात्रीचे दोन वाजले आहेत, ड्रायव्हरला झोप आवरत नाही, आणि गेल्या दोन दिवसांत पट्टी काढून ऑइल बघायचे राहून गेले आहे, अशी वेळ हंगामात हटकून येते. चढावर ऑइल मागच्या बाजूला सरकते, आधीच कमी असलेल्या ऑइलात जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो. बेअरिंगवर ऑइलचा पातळ पदर असतो तोवरच क्रँक त्यावर तरंगत फिरतो. तो पदर तुटला की काही क्षणांत बेअरिंगचा शेल भाजतो, क्रँक ओरखडतो आणि इंजिन ठोके देऊ लागते. पॅकिंगला आणि ऑइलला काही हजारांत भागते. क्रँक काढून घासायचा, शेल बदलायचे, इंजिन पुन्हा बांधायचे म्हटले की त्याच्या कितीतरी पट खर्च, शिवाय भर हंगामात गाडी दोन आठवडे उभी. म्हणून ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : आता करा, हंगामाच्या आधी.

मात्र एक अट आहे. गळते ते पॅकिंगच, याची आधी खात्री करा. या कामात सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. ऑइल नेहमी वरून खाली वाहते आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे गळती कुठेही असो, थेंब शेवटी चेंबरच्या कडेवरूनच पडतो आणि दोष बिचाऱ्या चेंबरला लागतो. वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग, बाजूच्या झाकणाचे पॅकिंग, फिल्टरची बैठक, प्रेशरच्या काट्याकडे जाणारी बारीक नळी, पुढच्या पुलीमागचे सील, ड्रेन नटाचा वायसर, यांपैकी काहीही असू शकते.

ओळखायचे कसे? इंजिन गार असताना खालची बाजू डिझेलात बुडवलेल्या ब्रशने स्वच्छ धुवा, कोरड्या चिंधीने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग चेंबरच्या कडेला आणि तिच्या वर चारी बाजूंनी खडूची बारीक पूड किंवा मुलांच्या अंगाला लावायची पावडर उडवा. गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, खाली जुने वर्तमानपत्र पसरून उभी करा आणि बॅटरी घेऊन बघा. पांढऱ्यावर काळी वाट स्पष्ट उमटते. ती वाट वर चढत गेली तर गळतीचे मूळ वर आहे. ती कडेपासूनच सुरू झाली तर पॅकिंग. आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या मधल्या घंटीसारख्या भागाच्या तळातून थेंब पडत असेल तर तो मागच्या सीलचा किंवा गिअरबॉक्सचा दोष. इंजिनाचे ऑइल काळे आणि पातळसर असते, गिअरचे दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम अंगणात करण्याच्या भानगडीत पडू नका.

पॅकिंगच गळते असे ठरले तरी लगेच चेंबर उतरवायला धावू नका. आधी सगळे बोल्ट आखूड पान्याने चाचपून पाहा. कितीतरी वेळा चार-सहा बोल्ट हाताने फिरतील इतके सैल निघतात, ते अलगद आवळले की गळती थांबते आणि खर्च शून्य.

दुसरी गोष्ट ब्रीदरची. इंजिनाच्या पोटातली वाफ आणि धूर बाहेर जाण्यासाठी एक नळी असते. ती चिखलाने, कचऱ्याने किंवा कुंभारीण माशीच्या घराने बुजली तर पोटात दाब धरतो आणि तो दाब ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर रेटतो. नळी काढून साफ करा. मग इंजिन गरम करून, सावकाश चालू ठेवून, ऑइल भरायचे वरचे झाकण सैल करून पाहा. थोडीफार फुंकर यायचीच. पण ओल्या लाकडाच्या चुलीसारखा धूर भकाभका येत असेल, झाकण तोंडावर थडथड नाचत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. अशा इंजिनाला नवे पॅकिंग घातले तरी ते फार दिवस टिकणार नाही. तिथे पैसे पॅकिंगवर घालू नयेत, इंजिनाच्या कामासाठी बाजूला ठेवावेत. फिटर हे सहसा सांगत नाही, कारण पॅकिंग बदलण्याची मजुरी त्याला आज मिळते.

आता प्रत्यक्ष काम. दोन माणसे आणि दीड दिवस हवा. शनिवारी संध्याकाळी हात घातला तर सोमवारी सकाळी गाडी रस्त्यावर येते.

आधी जिवाचे सांगतो, मग यंत्राचे. जुन्या ट्रकची उंची चांगली असते. पोते अंथरून खाली सरकता येते, जॅक लावावाच लागत नाही. लागत नसेल तर लावू नका. गाडी सपाट आणि टणक जागी घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी जाड लाकडी ठोकळे लावा. उचलावीच लागली तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. चासीखाली किंवा अॅक्सलखाली लाकडी ओंडक्यांची आडवी-उभी घडी रचा. विटा आणि सिमेंटचे ठोकळे कधीच नकोत, ते न सांगता फुटतात.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही भावाभावांनी आमची गाडी शेताच्या कडेला काळ्या मातीवर जॅकवर घेतली होती. जॅकखाली फळी होती, वाटले पुरे झाले. धाकटा भाऊ खाली होता. आईने बांधावरून चहाला हाक मारली, तो सरपटत बाहेर आला, हात पुसत होता, आणि जॅक तिरपा होऊन गाडी खाली बसली. कुणी काही बोलले नाही. चहा तसाच गार झाला. त्या दिवसापासून आमच्या घरी ओंडके रचल्याशिवाय गाडीखाली कुणी जात नाही, आणि कुणी गेलेच तर आई तिथून हलत नसे.

बॅटरीचे अर्थिंगचे टोक काढून ठेवा आणि किल्ली खाली जाणाऱ्याच्या खिशात राहू द्या. मुले गाडीत चढून बसतात, कुणी कौतुकाने स्टार्टर मारतो. गोठ्यात किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून खाली काम करू नका, धुराने माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. अर्थात अर्थिंग काढण्यापूर्वी एक काम उरकायचे : इंजिन दहा मिनिटे चालवून ऑइल कोमट करा, म्हणजे ते गाळासकट भरभर उतरते. फार गरम नको, हात पोळतील. मग बंद करा, टोक काढा, रुंद घमेले लावून ड्रेन नट काढा. आणि आता घाई नको. नट काढलेला, घमेले खाली, असे रात्रभर राहू द्या. ब्लॉकच्या भिंतींवरचे ऑइल तासन् तास ठिबकत राहते. ते पुरते उतरले नाही तर दुसऱ्या दिवशी पुसलेल्या कडेवर पुन्हा पुन्हा थेंब येतात आणि ऑइल लागलेल्या कडेवर पॅकिंग धरत नाही.

सकाळी खोक्याचा एक मोठा पुठ्ठा घ्या. त्यावर चेंबरचा आकार काढा आणि जो बोल्ट जिथून निघेल तो पुठ्ठ्यात त्याच जागी भोक पाडून खोचा. बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो, पण चेंबर सैलच राहतो. 8 मिलिमीटरच्या बोल्टाला बहुधा 13 नंबरचा पाना लागतो, 6 मिलिमीटरच्याला 10 नंबरचा. क्लच हाऊसिंगच्या खालचा पत्रा आड येत असेल तर तो आधी काढा. काही गाड्यांत पुढचा अॅक्सल किंवा स्टिअरिंगचा रॉड आडवा येतो, तेव्हा काय सोडवायचे ते गाडीचे पुस्तक पाहून किंवा जाणकाराला विचारून ठरवा. स्टिअरिंगचे काही सोडले असेल तर ते परत बसवताना पिन नवी घाला, जुनी वाकवून घालू नका.

चार कोपऱ्यांचे बोल्ट चार-पाच आटे राखून ठेवा, बाकीचे काढा. खालून जॅक आणि फळीचा आधार द्या. चेंबर जुन्या पॅकिंगला चिकटून बसलेला असतो. त्याच्या फटीत छिन्नी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो. तो टाळा. एकदा का ब्लॉकच्या तोंडावर ओरखडा पडला की तिथून जन्मभर गळते. लाकडी हातोडीने बाजूने ठोका, या कोपऱ्याला दोन, त्या कोपऱ्याला दोन. कुठेतरी 'चट्' असा आवाज येतो आणि कड सुटते. खाली घेताना मध्येच अडकला तर ओढू नका. क्रँकचे वजन आड येत असते. पुढच्या पुलीवरून क्रँक थोडा फिरवला की वाट मिळते. ऑइलच्या जाळीलाही धक्का लागू देऊ नका.

चेंबर खाली आला की तो लगेच धुऊन टाकू नका. हे मी दोनदा सांगतो, लगेच धुऊ नका. एवढ्या वर्षांत इंजिनाला काय झाले आणि पुढे काय होणार, ते चेंबरच्या तळात लिहिलेले असते, आणि ते वाचायची संधी पुन्हा लवकर येत नाही. ऊन पडेल अशा जागी ठेवून तळाचा गाळ बोटाने चोळून पाहा. काळा, मऊ, काजळासारखा गाळ असेल तर तो ऑइल वेळेवर न बदलल्याचा, पण घाबरण्यासारखा नाही. दुधाळ, ताकासारखा किंवा चॉकलेटी फेसाळ असेल तर पाणी मिसळते आहे. हेड गॅस्केट, लायनरचे रबर किंवा ऑइल कूलर यांकडे पाहावे लागेल. डिझेलचा वास येत असेल, ऑइल पाण्यासारखे पातळ असेल, आणि पट्टीवर पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर डिझेल आत उतरते आहे.

मग गाळात लोहचुंबक फिरवा. थोडी बारीक काळी पूड चिकटणारच, जुने इंजिन आहे. पण टोचतील असे लोखंडी तुकडे, रिंगेचा कपचा, दाताचा टवका लागला तर काम तिथेच थांबवा. चुंबकाला न चिकटणारी चकाकीही पाहा. राखाडी-चंदेरी पापुद्रे बेअरिंगच्या वरच्या थराचे असू शकतात. तांबूस चकाकी दिसली तर बहुधा वरचा थर जाऊन आतले तांबे उघडे पडले आहे. अशी खूण दिसली आणि तरीही पॅकिंग घालून गाडी उसाला लावली, तर आपण पैसे फक्त पुढे ढकलले. चेंबर उतरलेलाच आहे, तेव्हा जाणत्या फिटरला बोलावून एक-दोन बेअरिंगच्या टोप्या उघडून शेल बघून घ्या. कनेक्टिंग रॉड क्रँकवर थोडासा आडवा सरकतो, ते बरोबर आहे. वरखाली हलवून हाताला खटखट लागत असेल तर ते बरोबर नाही. शेल वेळीच बदलले तर क्रँक वाचतो. पत्र लिहिणाऱ्या ताईंनी यजमानांना हे एवढे तरी वाचून दाखवावे.

जाळी डिझेलात धुऊन उजेडाकडे धरा. जुन्या पॅकिंगचे तुकडे, चिंधीचे धागे यांनी ती निम्मी बुजलेली मिळाली तर नवल मानू नका. पंपाचे आणि जाळीचे बोल्ट घट्ट आहेत ना, तेही याच वेळी पाहून घ्या.

ब्लॉकच्या तोंडाला चिकटलेले जुने पॅकिंग रुंद, बोथट पट्टीने खरवडा. वर क्रँक उघडा आहे, म्हणून आत स्वच्छ कापड धरा, कपचे त्यावर पडू द्या, आणि शेवटी कापड मोजून बाहेर काढा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर इथे चालवू नका. त्याची वाळू बेअरिंगमध्ये गेली तर ते गेलेच. चेंबर डिझेलने धुवा, मग कपड्याच्या पावडरीच्या गरम पाण्याने, आणि उन्हात खडखडीत वाळवा. पेट्रोल वापरू नका. चूल, विडी, कशाचा भडका उडेल सांगता येत नाही.

आता ज्या पायरीवर दहापैकी नऊ जण पाय न ठेवता पुढे जातात ती पायरी. पत्र्याचा चेंबर वर्षानुवर्षे कचकचून आवळलेला असतो. त्यामुळे प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा वर उचलला जातो आणि दोन भोकांमधला भाग खाली राहतो. अशा कडेवर नवे पॅकिंग फक्त भोकांपाशी दाबले जाते, मध्ये फट राहते. लोक म्हणतात, "नवं पॅकिंग घातलं तरी गळतं, माल बोगस." माल बोगस नसतो, कड वाकडी असते. सरळ लोखंडी पट्टी कडेवर उभी धरून उजेडाकडे पाहा, फटी दिसतील. कडेचा आतला भाग ऐरणीवर किंवा जाड सपाट लोखंडावर टेकवा आणि उठलेली भोके हातोडीने हलके हलके बसवा. एकेका भोकाला तीन-चार टिचक्या पुरतात. सहा सिलिंडरचा लांब चेंबर असेल तर याला तासभर लागतो. तो लागू द्या. अॅल्युमिनियमचा किंवा बिडाचा चेंबर मात्र ठोकू नका, तडकेल. तो वाकडा असेल तर वर्कशॉपला नेऊन तोंड घासून आणा.

पॅकिंग आणताना जुने सोबत न्या आणि इंजिन नंबर लिहून न्या. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या सालात वेगळी इंजिने आलेली असतात. दुकानातच जुन्यावर नवे ठेवून भोके जुळवा. बुचाचे पॅकिंग दुकानात खिळ्याला वर्षभर लटकून सुकते, आखडते, भोके एक बोट मागे राहतात. ते ताणू नका, तुटेल. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा, पुन्हा आपल्या मापाला येते. मग पुसून, पाणी निथळवून बसवा. काही गाड्यांना दोन बाजूंच्या दोन पट्ट्या आणि पुढे-मागे अर्धचंद्रासारखी रबरे असे चार तुकडे असतात. गळती बहुधा त्यांच्या सांध्यातच असते. तिथे सिलिकॉनचा एक हरभऱ्याएवढा थेंब द्यावा.

हरभऱ्याएवढाच. माझ्या हातून एकदा काय झाले ते सांगतो. नवीन नवीन सिलिकॉनची नळी मिळाली होती, म्हटले चांगले जाड थापू, जन्मात गळायला नको. पॅकिंगच्या दोन्ही अंगांना बोटभर थर दिला. बाहेर जेवढे पिळून निघाले तेवढे पुसले आणि खूश झालो. आतही तेवढेच पिळून निघाले होते, ते दिसायला मार्ग नव्हता. काही दिवसांनी त्याच्या शेवया सुटून जाळीवर बसल्या. प्रेशरचा काटा खाली येऊ लागला, मला वाटले काटाच बिघडला, आणि मी गाडी चालवत राहिलो. पुढे काय झाले असेल ते वर सांगितलेच आहे. त्या वर्षीचा कांदा भाड्याच्या गाडीने गेला. फिटरला नाव ठेवायला जागा नव्हती, फिटर मीच होतो.

तेव्हा सिलिकॉन किंवा शेलॅक लावायचेच तर पातळ, आणि फक्त चेंबरच्या बाजूने, पॅकिंग जागेवर धरून ठेवण्यापुरते. नुसत्या रबराच्या पॅकिंगला बहुधा तेही लागत नाही. वर उचलताना पॅकिंग सरकते, म्हणून तीन-चार भोकांतून शिवणाचा बारीक दोरा ओवून ते चेंबरला बांधा. सुईदोऱ्याचे हे काम घरातल्या बायामाणसांच्या हाताने फार नेटके होते. चार बोल्ट लागले की दोरा कापून ओढून काढा. आणखी एक युक्ती : दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते समोरासमोरच्या भोकांत हाताने वर बसवा. चेंबर त्यांवरून सरळ चढतो, नंतर ते काढून मूळचे बोल्ट घाला.

सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. एकही पान्याने नको. सगळे धरले की मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, डावा-उजवा-डावा-उजवा असे जा. तीन फेऱ्यांत आवळा. पहिल्या फेरीत नुसते टेकवायचे, दुसरीत धरायचे, तिसरीत बसवायचे. पुस्तकात आकडा असेल आणि टॉर्क रेंच मिळत असेल तर उत्तम. नसेल तर आखूड पाना आणि फक्त मनगटाचा जोर. बुचाचे पॅकिंग कडेबाहेर किंचित फुगू लागले की थांबा. पान्याला पाइप लावून दंड फुगवणारे महाभाग असतात, त्यांना त्या वेळी ऑइल आणायला दुकानात पाठवावे. जास्त आवळलेले पॅकिंग भोकापाशी फाटते आणि पत्रा पुन्हा उठतो, म्हणजे सकाळची ठोकाठोक फुकट.

सिलिकॉन लावले असेल तर रात्रभर सुकू द्या. ड्रेन नटाचा तांब्याचा वायसर नवा घाला. मिळाला नाही तर जुनाच लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबे मऊ पडते आणि पुन्हा धरते. फिल्टर बदला. पुस्तकातल्या मापाने, सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल भरा, आणि थोडे थांबून पट्टीवर पाहा. वरच्या खुणेच्या वर नको, ऑइल जास्त झाले तरी क्रँक ते घुसळून फेस करतो.

अर्थिंग जोडल्यावर, जुन्या गाडीला इंजिन बंद करायचा ओढायचा दांडा असतो तो ओढून धरा आणि स्टार्टर थोडा थोडा, मध्ये विश्रांती देत, फिरवा. इंजिन सुरू न होता पंप ऑइल वर चढवतो. मग सुरू करा आणि डोळे काट्यावर ठेवा. काही सेकंदांत काटा उठला नाही किंवा लाल दिवा विझला नाही तर लगेच बंद. उठला तर दहा मिनिटे सावकाश चालू ठेवून खालून बॅटरी फिरवा. पहिल्या फेरीनंतर इंजिन गार झाले की बोल्ट एकदा हलक्या हाताने चाचपा. एकदाच. दर रविवारी आवळत बसू नका.

काढलेल्या जळक्या ऑइलाचे काय? आपल्याकडे ते जनावरांच्या गोचिडांना लावतात, खांबांना वाळवीसाठी फासतात, चुलीत ओततात, नाहीतर बांधावर फेकतात. त्यात धातूंचे कण आणि कॅन्सर करणारी द्रव्ये असतात. जनावर अंग चाटते, आणि बांधावरचे पावसाने विहिरीत जाते. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा आणि जळके ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे द्या; मोठ्या गॅरेजवाल्यांना त्याचा पत्ता असतो. हातांना लागलेले ऑइल साबणाने नीट धुऊनच भाकरीला हात लावावा.

आता ताईंच्या पत्रातली शेवटची ओळ. "डागाच्या जागेवर मी धान्य वाळत घालते, ते चालेल का?" असे त्यांनी जाता जाता विचारले आहे. ताई, चालणार नाही. अंगण मातीचे असेल तर काळी पडलेली माती खणून काढा, उकिरड्यात किंवा परसात टाकू नका, पोत्यात भरून ऑइलाच्या कॅनबरोबरच बाजूला ठेवा, आणि तिथे नवी माती चोपून सारवा. फरशी असेल तर आधी लाकडाचा भुसा पसरून ऑइल शोषू द्या, तो झाडून त्याच पोत्यात भरा, मग पावडरीने घासा. धान्य मात्र दुसऱ्या बाजूला पसरा. आणि पॅकिंग बदलल्यावर आठ दिवस ट्रकखाली रोज रात्री वर्तमानपत्राचा कोरा तुकडा पसरून ठेवा, सकाळी सडा घालण्यापूर्वी तो तुम्हीच उचलून पाहा.